कावळा काही शिवेना

२ एप्रिल १९५६, दापोडी

आजही नाही! सकाळपासून निघोज्याच्या घाटावर सिनेमाचं मशीन लावून बसलो. समोर पिंड, मागे भिमाजीची भावकी रडक्या तोंडाने उभी. कावळे आले – माझी भाकरी नेली, चटणीसकट. पिंडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सगळं चित्र पुरं झालंय, हा एवढा शेवट राहिलाय. कंजूष म्हातारा मरतो. दहाव्याला कावळा शिवत नाही. नातेवाईक काय काय कबूल करतात, आणि शेवटी मुलगा म्हणतो, आबा, तुमची तपकिरीची डबी कुणाला देत नाही – की कावळा शिवतो. इथेच लोक हसणार. कावळा नाही तर हसू नाही.

म्हाताऱ्याचं काम भिमाजी करतोय. निघोज्याचा शेतकरी, आयुष्यात नाटकसुद्धा केलेलं नाही. पण तिरडीवर असा मेला की बघायला आलेली एक म्हातारी खरंच रडली. आज म्हणतो, "ज्योतीरामभाऊ, मी जित्ता हाय तवर त्यो शिवायचा न्हाई. कावळ्याला कळतंय, तुमालाच कळंना."

५ एप्रिल

भात वाया. कावळा नाही. विमल म्हणते, शिळा भात सायकलवरून उन्हातून नेता, कावळ्यानं तरी का खावा? बायकोसुद्धा कावळ्याच्या बाजूची!

९ एप्रिल

भिमाजीच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, पाणीसुद्धा विचारलं नाही. "जित्त्या नवऱ्याचा पिंड घालतायसा. माज्या कुकवाचा तरी इचार करा." भिमाजी आतून म्हणतो, "अगं, मेल्यावर लोक काय बोलत्यात ते बघाया मिळंल. कुणाच्या नशिबात असतंय?"

परत येताना बांधावरचा आंबा दिसला. कैऱ्यांनी वाकलेला. झाड कुणाचं यावरून भिमाजी आणि त्याचा सख्खा भाऊ बबनराव कैक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाने कैरी तोडली तर दुसरा काठी घेऊन येतो, म्हणून कुणीच तोडत नाही. दरसाल खाली पडून सडतात. भिमाजी कशालाही हसतो, पण या झाडाचं नाव काढलं की गप्प.

१७ एप्रिल

रीळ मुंबईहून धुऊन आलं. कावळ्याविनाच. निघोज्याच्या यात्रेत तंबू सिनेमा लावणारे मारुतराव त्यांच्या खेळाआधी माझं चित्र दाखवायला तयार झाले – उपकार केल्यासारखे. शेवट कुठाय, विचारतात. म्हटलं, पिंडावरच संपतं. म्हणाले, असं कसं संपेल?

मलाही तेच वाटतं. पण यात्रा कावळ्यासाठी थांबणार नाही. फोटोचं दुकान बंद ठेवून, सगळ्या दापोडीचे टोमणे खाऊन हे चित्र केलं. गाव एकदा पोट धरून हसलं की सगळं भरून पावलं. नाही हसलं तर मशीन माळ्यावर टाकीन. पुन्हा हात लावणार नाही.

२५ एप्रिल

झाली यात्रा. एक माणूस हसला नाही!

तिरडी निघाली तर बायांनी डोळ्यांना पदर लावले. चित्र मुकं, म्हणून मी भोंग्यातून विनोद सांगतोय, घसा बसला माझा. पिंड दिसला आणि तंबू चिडीचूप. रीळ संपलं. पडदा पांढरा. दिवे लावले तरी कुणी उठेना. मागून कुणीतरी म्हणालं, "कावळा शिवला न्हाई. उठायचं कसं?"

मग कबूल करणं सुरू झालं. पांढऱ्या पडद्याला हात जोडून! "भिमाजी, म्हस इकणार न्हाई." "भिमाजी, मंजुळाबाईला अंतर देणार न्हाई." आणि भिमाजी पुढच्या रांगेत धडधाकट बसलेला, मंजुळाबाई शेजारी. शेवटी बबनराव उठला. पडद्याकडे बघत होता, भावाकडे नाही. "भिमा, आंबा तुजा. जा बाबा आता."

भिमाजी फेटा सावरत उभा राहिला. मग म्हणाला, "जातो. पर उद्या कैऱ्या उतराया ये."

तेव्हा कुठे लोक उठले. गुपचूप, माना खाली घालून, घाटावरून परतावं तसे. भावाभावांचं बरं झालं असेल, पण माझं काय? मारुतराव म्हणतात, "राव, ह्याला करमणूक म्हणता? फुकटचा दहावा घातलात." मी विनोदी चित्र काढलं होतं!

२६ एप्रिल

मशीन माळ्यावर टाकलं. विमल काही बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

३ जून

भिमाजी आणि बबनराव दोघं मिळून आंब्यांची पाटी घेऊन आले. "दुसरं चित्र कवा काढायचं?" भिमाजीने विचारलं. मी माळ्याकडे बोट दाखवलं. तो हसला. याला बरं सगळ्यात हसू येतं! आंबे आंबट निघाले. एवढ्यासाठी भांडत होते.

१९ नोव्हेंबर

आज भिमाजीचा दहावा. झोपेतच गेला. फार वाईट वाटतंय.

तोच घाट, तीच माणसं. पिंड ठेवला. बबनराव हात जोडून पुढे झाला, काहीतरी कबूल करायला तोंड उघडलं – तेवढ्यात कावळा शिवलासुद्धा. कुणाला काही समजेना. मग मंजुळाबाईंना हसू फुटलं. मग बबनरावाला. मग सगळा घाट पोट धरून हसला, रडत रडत. मीही.

मशीन माळ्यावरच होतं.