ऑइलमधली चमक

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ऑइलमध्ये चमक आहे!

मधुसूदनने सकाळीच वाडीच्या गॅरेजमधून फोन केला – वहिनी, एकदा येऊन पाहा. गुंजनचा ट्रक उभा होता, खाली घमेल्यात काढलेलं काळं ऑइल. त्याने दोन बोटं बुडवली आणि उन्हात धरली. बोटांवर बारीक चंदेरी कण. शाळेत नाताळची कार्डं करताना आम्ही गोंदावर चमकी भुरभुरायचो, अगदी तसे. क्षणभर मला ते सुंदरच वाटले. मग तो म्हणाला, हा बेअरिंगचा धातू आहे, झिजून ऑइलमध्ये उतरतोय. बेअरिंग बदलून देतो, आठवडा लागेल. बरं झालं आत्ता दिसलं, नाहीतर एखाद्या दिवशी चालता चालता इंजिन जाम –

वाक्य अर्धंच सोडून तो बोटं पुसायला लागला.

बावीस वर्षांपूर्वी अनंतचा ट्रक असाच जाम झाला होता. कुरईच्या घाटात, जानेवारीतल्या सकाळी, दाट धुक्यात. अनंत खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावत होता. मागून आलेल्या ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही. आमची गुंजन तेव्हा आठ वर्षांची होती.

आता ती त्याच रस्त्याने ट्रक नेते. कळमन्याच्या बाजारातून मिरची भरून जबलपूरला. स्वतः चालवते, एकटी.



४ नोव्हेंबर

गुंजनला म्हटलं, आता पुरे. मिहानमधली नोकरी काय वाईट होती? वातानुकूलित ऑफिस, दारापर्यंत गाडी. तर म्हणते, तिथल्या खुर्चीत कंबर गेली असती.

"काहून इतकी घाबरून राहिली वं आई? चार पदरी रस्ता आहे आता. वाघ पुलाखालून जातात, मी वरून जाते."

ट्रकवर गेल्यापासून तिची बोलीही बदलली. मला रागवायचं होतं, पण अनंत असाच बोलायचा. आमच्या धरमपेठेतल्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा बाबा आत येऊन आईला म्हणाले होते, मुलगा चांगला आहे, फक्त बोलतो मोठ्याने.

रागवायचं राहून गेलं.

६ नोव्हेंबर

दोन दिवस मोबाइलवर वाचते आहे, ऑइल स्वच्छ कसं ठेवायचं ते. इंजिनातलं मला काही कळत नाही, पण इंग्रजी कळतं. शाळेतल्या सिस्टर अगाथा म्हणायच्या, न कळलेलं वाक्य तीनदा वाचावं, चौथ्यांदा लाज वाटायला हवी. मी सात-सात वेळा वाचलं. लाजही वाटली.

समजलं ते असं. ट्रकच्या इंजिनाला एक फिल्टर असतोच. सगळं ऑइल त्यातून धावत जातं, म्हणून तो फार बारीक गाळू शकत नाही. बारीक गाळायला गेला तर इंजिनाला ऑइलच कमी पडेल. तेव्हा बाजूला दुसरा एक बसवायचा. तो थोडं थोडं ऑइल घेतो, सावकाश गाळतो, परत सोडतो. आई चहा गाळणीतून गाळून मग पाहुण्यांसाठी मलमलीतून गाळायची, तसं. बेअरिंग खाणारी धूळ आणि काजळी त्या मलमलीत अडकते.

गुंजनला मी थांबवू शकत नाही. तिच्या शेजारी बसून जाऊ शकत नाही, गुडघे असे. ही मलमल मात्र मी लावू शकते.

७ नोव्हेंबर

त्या दुसऱ्या फिल्टरच्या आणखी दोन नळ्या म्हणजे गळायला आणखी दोन जागा. हे कालच का नाही सुचलं? नळी फुटली तर सगळं ऑइल रस्त्यावर. म्हणजे ज्याला भिऊन हे लावायचं, तेच!

८ नोव्हेंबर, शनिवार

फिल्टरच्या एजन्सीचा हर्षित दोन नमुने घेऊन गॅरेजवर आला होता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. मधुसूदनने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, त्या स्टुलावर नका बसू. त्याच्यावर मीसुद्धा नाही बसत."

नळ्यांचं मी आधी विचारलं. हर्षित म्हणाला, नळ्या जाड येतात, तापलेल्या भागापासून लांब नेऊन बांधायच्या. मधुसूदननेही मान हलवली – ते मी पाहून घेतो वहिनी, नळी माझ्याकडून कधी सुटली नाही. जरा जीव भांड्यात पडला.

मग दोन प्रकार. एकात घट्ट गुंडाळलेल्या कागदाची गुंडाळी. भरली की फेकायची, नवी घालायची. दुसऱ्यात नुसती वाटी. ती ऑइलच्या दाबाने गरगर फिरते आणि घाण तिच्या भिंतीला थापली जाते. हर्षितला दुसरा फार आवडत होता. नवीन काही घ्यायचंच नाही मॅडम, म्हणाला, वाटी काढायची, डिझेलमध्ये धुवायची, परत बसवायची.

मधुसूदन पाना खाली ठेवून उठला.

"धुऊन परत बसवायचं मी नाही बसवत. दुसरा मेकॅनिक पाहा."

हर्षितने समजावलं, यात कागद नाही, वाटी धुतलेली चालते, तशीच बनवलीय. पण मधुसूदन मागच्या बाजूला निघून गेला होता. चहा आला तरी आला नाही. हर्षित मला हळूच म्हणाला, जुने लोक असेच असतात.

असे नाहीत. मी मधुसूदनला तीस वर्षं ओळखते. चहा सोडून तो कधी उठलेला नाही.

९ नोव्हेंबर

सारखं तेच डोक्यात. त्याला त्या वाटीत काय दिसलं? काही धोका आहे का, जो हर्षित सांगत नाही?

१० नोव्हेंबर

गुंजनने शुक्रवारचा माल घेतला. मला न विचारता. म्हटलं, फिल्टरचं ठरू दे. म्हणाली, तोपर्यंत मिरची थांबणार नाही. मी ओरडले. तीही ओरडली – तू बाबांना पाहतेस माझ्यात, मला नाहीस पाहत!

खरं आहे. पण खरं असल्याने भीती कमी होत नाही.

नंतर तिने माझ्यासाठी भाकरी टाकली. पहिली करपली. ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहू की नको?

आज वाडीला गेले. एकटीच. मधुसूदनला सरळ विचारलं, त्या वाटीत काय वाईट आहे? माझ्या पोरीचा जीव आहे, मला माहीत असायला हवं.

म्हणाला, वाटीत काही वाईट नाही. बराच वेळ हात पुसत राहिला. मग खाली बघूनच बोलला.

"अनंतभाऊंच्या वेळी ऑइल पंप गेला म्हणून सांगितलं होतं मी तुम्हाले. पंप चांगला होता वहिनी. मी जुना फिल्टर डिझेलमध्ये धुतला न् परत लावला. तेव्हा सगळेच करत होते. आतला कागद फाटला असन. कचरा सरळ बेअरिंगमध्ये गेला."

मी उभी होते ती टायरवर बसले. साडीला काळं लागलं.

नवा का नाही लावला, विचारलं.

"हाती नव्हता."

म्हणजे? अनंतने आणला नव्हता?

"हाती नव्हता, बस. मी थांबायला पाहिजे होतं. भाऊ घाईत होते, माल भरून तयार. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांना वाटलं नवाच लावला."

रिक्षा कशी मिळाली, घरी कशी आले, आठवत नाही.

१२ नोव्हेंबर

बावीस वर्षं! त्याच्या मुलीच्या लग्नात, मी विधवा असूनही, त्याच्याच आग्रहाने मी वधूची ओटी भरली. अनंतच्या वर्षश्राद्धाला तो दरवर्षी माझ्या घरी पाटावर बसून जेवतो. घास कसा उतरायचा त्याच्या घशाखाली?

आणि मी त्याच्याच हाती गुंजनचा ट्रक दिला. बेअरिंगही त्यानेच बदललेत. त्यात काय केलं असेल? नवे घातलेत की जुनेच पुसून? आता कशावरच विश्वास बसत नाही. शाळेत शिकवलं होतं, क्षमा करावी. कशी करावी, हे कुणी शिकवलं नव्हतं.

हर्षितला फोन केला. कागदाच्या गुंडाळीचाच द्या, धुवायचा नको. आणि बसवायला तुमची माणसं पाठवा. उद्या फिल्टरचा डबा घेऊन जा म्हणाला, माणसं दुपारी येतील.

गुंजनने विचारलं, मधुकाका काहून नाही? म्हातारा झालाय, म्हटलं. तिला पटलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हर्षितकडून डबा घेतला, स्कूटरच्या डिकीत ठेवला. झाकण दाबलं आणि हात तिथेच राहिला.

मी असाच एक डबा डिकीत ठेवला होता. नव्हे, अनंतने ठेवला होता – ट्रकचा नवा फिल्टर, त्या जानेवारीत. जाता जाता मधुसूदनला दे, म्हणाला होता. त्या दिवशी मैत्रिणीकडे, पुष्पलताकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. माझं शेवटचं. उशीर होत होता, वाडी उलट्या दिशेला. परस्पर तिकडेच गेले. उद्या देऊ म्हटलं.

काही महिन्यांनी डबा सापडला तेव्हा वाटलं, अनंतने जास्तीचा आणला असेल. भंगारात दिला.

मधुसूदन त्या दिवशी माझी वाट बघत होता. बावीस वर्षं त्याला माहीत आहे.

हर्षितच्या माणसांना नको म्हणून कळवलं. वाडीला गेले. तो ट्रकखाली होता. मला बघून बाहेर आला. मी डबा पुढे केला.

"आणला," म्हणाले.

त्याने आधी हात पुसले, मग घेतला.

"बरं झालं वहिनी," म्हणाला, "ऊन आहे तोवर लावून टाकतो."