सेल्डम म्हणजे दर रविवारी

लकडगंज, नागपूर
सोमवार, १९७३चा उन्हाळा

प्रिय धाकटी बहीण भागीरथा हिस,

थोरला भाऊ आनंदराव याचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा तुमच्या वाडी गावातल्या ट्रकांइतकाच आवाज करत असेल, तरी तू बरी आहेस असे धरून चालतो. इकडे माझी तब्येत उत्तम. डॉक्टर आणि सूनबाई सोडून कोणाचीच तक्रार नाही.

तुला आठवते, सातवीत असताना एक इंग्रजी कविता मी अंगणात ओरडून पाठ करायचो? डोंगरापल्याड दिलेली बहीण मेंढपाळाला ‘सेल्डम’ भेटते, ती. (आमचे मास्तर त्या ओळीला चष्मा पुसायचे आणि अख्खा वर्ग खाली बघायचा.) तू विचारलेस, “म्हंजे किती दिवसांनी गा दादा?” मी म्हणालो, “वाट पाहा लागते तितक्या.” हा अर्थ मी आजवर सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही.

तर गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी रक्तदाब पाहून मला इंग्रजीत विचारले, मटण किती वेळा खाता? मी छाती काढून म्हटले, “सेल्डम!” डॉक्टर खूश. तेवढे चालेल म्हणाले. यात खोटे काय, तूच सांग. रविवारी जेवून सोमवारपासून पुढच्या रविवारची वाट पाहणारा माणूस दुसरे काय म्हणेल? पण काल ताटात मटणाच्या जागी आली लवकीची भाजी! सूनबाई प्रेमिला म्हणाली, “मामाजी, मी डॉक्टरले इचारून आली. सेल्डम म्हंजे वर्षातून दोन-तीनदा.” मी ठणकावले, डॉक्टर हा शब्द औषधाच्या बाटलीवरून शिकले, मी कवितेतून शिकलो. तर ही म्हणते, “तं मंग कविताच खा!” आणि माझा मुलगा हसला, भागीरथा! माझे मीठ खाऊन हसला. (मीठही आता मला मिळत नाही, ते वेगळे.) मी ताट सरकवून उठलो. डॉक्टर डिक्शनरी डोक्यावर घेऊन आले तरी मी झुकणार नाही.

तुझा दादा,
आनंदराव

ता. क. लवकी तिसऱ्या प्रहरी खाल्ली. दोनदा घेतली. प्रेमिलाने पाहिले, पण मी ते मान्य केलेले नाही.

आणखी ता. क. आपल्यामध्ये सीताबर्डीची टेकडी सोडली तर डोंगर नाही, तरी तू येतेस सेल्डम, डॉक्टरांच्या अर्थाने. यापुढे माझ्या अर्थाने येत जा वं. तू तिची आतेसासू, तुझ्या डब्याला प्रेमिला नाही म्हणायची नाही. डबा विसरलीस तरी ये. (मटणावरची तर्री विसरू नको.)