जिभेखालचा पाचू

आप्पा, परवा तवंदीच्या घाटातून मोटारीने आले. इंजिन तापलं म्हणून गाडी वळणावर थांबली, आणि मी पदर दातांत घट्ट धरून बसले. सुनेने विचारलं काय झालं, मी काही नाही म्हणाले. तिला काय सांगणार? म्हणून, तुम्ही आता नसलात तरी, तुम्हालाच लिहिते आहे.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. बेळगावच्या एका लग्नघरी खडे दाखवायला तुम्ही निपाणीहून निघाला होतात आणि मला मावशीकडे सोडायचं म्हणून छकड्यात घेतलं होतंत. दुपारचं ऊन होतं. त्याच वळणावर तोंडाला फडकी बांधलेली माणसं रस्त्यात आडवी उभी होती. बैल त्यांच्याजवळ पोहोचायच्या आत तुम्ही कमरेची चिंधी सोडलीत आणि तीन खडे माझ्या तोंडात घातलेत. "गालात धर. पाचूला दात लावू नको, चिरतो."

त्यांनी तुमची बंडी चाचपली, पोवळ्यांची आणि गोमेदांची पुडी काढून घेतली. मग एकाने माझी हनुवटी वर केली. "नाव काय गं तुजं?"

एका गालात माणिक, दुसऱ्यात नीलम, जिभेखाली पाचू. काच तोंडात लगेच ऊब धरते, खरा खडा गार राहतो, हे तुम्हीच शिकवलेलं. मला तो गारवा घशापर्यंत उतरतोय असं वाटत होतं.

"मुकी हाय ती," तुम्ही म्हणालात. "जल्मापास्नं."

त्याने माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. मी तुमच्याकडे पाहते आहे, आणि तुम्ही बैलांच्या शिंगांकडे. मी आवाज केला नाही. ती माणसं झाडीत गेली, तुम्ही तळहात पुढे केलात, मी खडे त्यावर ठेवले. "शाणी माझी बाय," तुम्ही म्हणालात. मला 'व्हय' म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

घरी आल्यावरही आला नाही. आई म्हणाली, "नीलम सोसला न्हाय पोरीला. नदीत सोडून या त्यो." "दगडाला काय कळतंय," असं तुम्ही म्हणालात खरं, पण तो नीलम वेगळ्या डबीत घालताना मी तुम्हाला पाहिलं. नीलम एकाला तारतो आणि दुसऱ्याचं घर बुडवतो, हे गिऱ्हाइकांना सांगताना तुम्ही कधी हसत नव्हतात. मी मुकीच राहणार, अशी माझी खात्री झाली.

मग रोज दुपारी तुम्ही ओसरीवर पांढरं फडकं अंथरून मला समोर बसवू लागलात. पुष्कराज हळदीच्या पाण्यासारखा. लसण्या हलवला की मांजराच्या डोळ्यासारखी त्यातली रेघ सरकते. तामडा माणकासारखाच लाल, पण स्वस्तातला, उन्हात धरला की विटकरी दिसतो. पाचूत शेवाळासारखे धागे दिसायलाच हवेत, अगदी नितळ पाचू दिसला तर आधी संशय घ्यायचा. सांगून झालं की एकेक खडा उचलून विचारायचात, "ह्यो कंचा?" तुम्ही जरा वाट बघून स्वतःच उत्तर द्यायचात. किती दिवस हे चाललं, आठवत नाही.

एके दुपारी तुम्ही एक लाल खडा उन्हात धरलात. विटकरी झाक असलेला, जुन्या कोकमासारखा. विचारलं नाहीत. सरळ म्हणालात, "ह्ये माणिक."

"न्हाय आप्पा," मी म्हणाले. "तामडा हाय त्यो."

तुम्ही मान खाली घातलीत आणि फडकं गोळा करू लागलात. खडे दोनदा हातातून निसटले. आत आई रडत होती. तुम्ही कधी खड्याचं नाव चुकला नव्हतात, गिऱ्हाईक हातचं गेलं तरी. तेव्हा मुद्दाम चुकलात, हे मला फार पुढे उमगलं.

हे कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. घाटात मी त्या माणसांना जेवढी भ्याले, त्याहून जास्त तुम्हाला भ्याले, आप्पा. 'मुकी हाय ती' हे तुम्ही इतकं सहज म्हणालात, की मला ते खरंच वाटलं.