आण्णांची प्रेस नोट

१२ फेब्रुवारी २००४, गुरुवार. दौंड.
आज आण्णांची रक्षा सावडली. घरी येऊन अंघोळ केली. शेजाऱ्यांनी पिठले-भाकरी आणली होती, ती जेवलो. दिवसभर माणसे भेटायला येत होती. बसून होतो.
बहीण नीलम माझ्याशी फारशी बोलत नाही. रविवारी तिचा शिरूरला फोन आला होता. आण्णांना बरे नाही, तुझी आठवण काढतात, ये म्हणाली. मी बुधवारी येतो म्हणालो. मंगळवारी आमच्या संस्थेचा न्यूजलेटर छापायला जायचा होता. दिल्लीच्या मॅडमनी मुदत वाढवून दिली नसती. म्हणजे मी विचारले नाही, पण दिली नसतीच. आण्णा मंगळवारी पहाटे गेले. बुधवार म्हणालो होतो, प्रत्यक्षात मंगळवारीच पोहोचलो. हे कुणी लक्षात घेत नाही.

१३ फेब्रुवारी.
दशक्रिया येत्या गुरुवारी, भीमेच्या घाटावर. आपल्याकडे दशक्रिया म्हणजे भाषणे. गेलेल्या माणसाला कधी न पाहिलेले पुढारी माइक धरून उभे राहतात. मागच्या महिन्यात एकाने श्रद्धांजलीत उसाचा भाव काढला. माझ्या वडिलांच्या बाबतीत हे होऊ देणार नाही. वक्ते तीनच, प्रत्येकी तीन मिनिटे. शेवटी मी, दोन मिनिटे. पोपटकाकांना सांगितले. ते म्हणाले, कर बाबा, तुझं तेच काम हाय.
खरेच आहे. मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेचा कम्युनिकेशन्स अँड एक्स्टर्नल रिलेशन्स ऑफिसर आहे. ऑफिस शिरूरला खताच्या दुकानावर असले तरी हेड ऑफिस जिनिव्हाला आहे. कितीतरी शेतकऱ्यांच्या यशोगाथा मी लिहिल्या आहेत. साचा ठरलेला: पार्श्वभूमी, अडचण, बदल. आण्णांची आज रात्री लिहून टाकतो.

१४ फेब्रुवारी.
लिहून झाली नाही. पार्श्वभूमीत अडकलो. जन्म निमोण्याचा की दौंडचा? रेल्वेत पॉइंट्समन होते हे माहीत आहे, पण लागले कधी? त्याआधी काय करत होते? शेतकऱ्यांना मी टेपरेकॉर्डर लावून सगळे विचारतो, लहानपणी मार कुणाचा खाल्ला इथपर्यंत. घरात तसे विचारणे बरे दिसत नाही. मुलालाच माहीत नाही असे व्हायचे.
मग आडून विचारायचे ठरवले. काकांना म्हणालो, पूर्वी आयुष्य कसे होते हो?
काका म्हणाले, कुणाचं?
मी म्हणालो, सर्वसाधारण.
काका म्हणाले, सर्वसाधारण बरं होतं.
संध्याकाळी निधनाची प्रेस नोट तयार केली. यात माझा हात बसलेला आहे. एसटीडी बूथवरून फॅक्स केली. मन हलके झाले.

१६ फेब्रुवारी.
बातमी आली. दोन कॉलम. मथळा: आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अधिकाऱ्यास पितृशोक. त्याखाली माझे पूर्ण नाव, हुद्दा, संस्थेची गावे, बिनधुराच्या चुली, पाणलोटाची कामे, परदेशी पाहुण्यांची भेट.
बसायला आलेल्या माणसांसमोर नीलमने मोठ्याने वाचायला घेतली. काका मध्येच म्हणाले, थांब जरा, ह्यात मेलं कोण?
नीलमने शेवटपर्यंत वाचली. "त्यांच्या वडिलांचे अल्पशा आजाराने निधन झाले." काका म्हणाले, वडलांस्नी नाव व्हतं की. ह्यात तर तूच गेल्यावानी वाटतंय, इंद्रा.
नीलम हसली. आण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता रडायला लागली आणि आत गेली.
मी तडक बूथवर गेलो. उपसंपादकाला चांगले सुनवायचे होते. नंबर फिरवण्याआधी खिशातली मूळ नोट उघडून पाहिली. त्याने एक अक्षरही बदलले नव्हते. आण्णांचे नाव मीच लिहिले नव्हते.
फोन ठेवला. बूथवाल्याने विचारले, लागला न्हाई का? न्हाई म्हणालो.
अर्थात बातमी सर्वदूर पोहोचली. कसर भाषणात भरून काढेन.

१८ फेब्रुवारी.
भाषण अजून कोरे. उद्या उभा राहिलो की सुचेल. उत्स्फूर्त बोलण्याचा परिणाम जास्त होतो, हे मी स्वतःच ट्रेनिंगमध्ये शिकवतो.

१९ फेब्रुवारी.
पिंडाला कावळा लगेच शिवला. आण्णांनी कधी कुणाला थांबवून ठेवले नाही.
ठरवलेले तिघे बोलले. मग न ठरवलेले सात जण बोलले. एकाने आण्णांना शेवटपर्यंत आप्पासाहेब म्हटले. मग माझे नाव पुकारले.
नुकतीच हजामत केलेली. नदीवरचा वारा डोक्याला लागत होता. माइक हातात घेतला आणि काहीच आले नाही. समोर सगळे खाली बसून माझ्याकडे बघत होते. मग तोंड आपोआप सुरू झाले. या ठिकाणी उपस्थित मान्यवर, पत्रकार बंधू आणि सर्व लाभार्थी. आपण वेळात वेळ काढून आलात आणि हा उपक्रम यशस्वी केलात, त्याबद्दल संस्थेच्या वतीने मी आपले आभार मानतो.
मागे कुणीतरी टाळी वाजवली. सवयीने आणखी दोघाचौघांनी वाजवली. मग त्यांच्या लक्षात आले आणि हात खाली गेले.
काकांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. म्हणाले, आमचा आनंदा मेंढरांमागं व्हता तवापासून कमी बोलायचा. दिवसभर चालला तरी चार शब्द न्हाई. पोरगं बी तसंच हाय. चला, जेवून जावा सगळ्यांनी.
आण्णा मेंढरांमागे होते हे मला माइकवरून कळले.
एवढेच बोलायचे होते. काकांना अर्धे मिनिटही लागले नाही.

२२ फेब्रुवारी.
तेरावा झाला. नीलम संध्याकाळी पाबळला सासरी जायला निघाली. जाण्याआधी तिने स्वयंपाकघराची फळी आवरली. डब्यांखाली माझे न्यूजलेटर अंथरलेले होते. सगळे अंक, एकावर एक. आण्णा म्हणायचे म्हणे, इंद्राचा कागद झ्याक हाय, पाणी धरत न्हाई, पुसला की झालं.
प्रथम मला वाईट वाटले ते चार रंगांतल्या छपाईचे. हे इथे लिहून ठेवतो.
मग नीलम म्हणाली, अंथरायच्या आधी चष्मा लावून पान न पान बघायचे. इंग्रजी कुठलं वाचता येतंय, तुझा फोटो शोधायचे. तू कुठंच नसायचास. मी चिडवायची, आण्णा, तुमचा पोरगा तिथं शिपाई असंल. तर म्हणायचे, अगं, फोटो काढणारा फोटोत कसा दिसंल? ही बाई हसतीय न्हवं, ती इंद्राकडं बघून हसतीय.
मी एसटीपर्यंत तिला सोडायला गेलो. बोलायचे बरेच ठरवले होते. सीट मिळाली का, एवढे विचारले.

२४ फेब्रुवारी.
काकाही निमोण्याला गेले. उद्या मला शिरूरला हजर व्हायचे आहे. ऑफिसच्या जीपने नवा अंक आला. तोच, मंगळवारचा. छपाई चांगली झाली आहे. मॅडमनी चिठ्ठी जोडून अभिनंदन केले आहे.
फळी ओल्या फडक्याने पुसली. वाळल्यावर अंक उलगडून अंथरला. साखर, चहा, डाळीचा डबा होते तसे लावले. मिठाची बरणी फोटोतल्या चुलीपाशी हसणाऱ्या बाईच्या तोंडावर येत होती. ती थोडी बाजूला सरकवली.