फळीवरच्या राजधान्या

माय, परवा तुझ्या नातवानं मला डॉक्टरकडे नेलं. मी हल्ली नावं विसरते, गॅस सुरू ठेवून अंगणात जाते, म्हणून त्याला घोर लागला आहे. डॉक्टर पोरसवदाच होता. आधी वार विचारला, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि मग लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "आजी, आपल्या राज्याची राजधानी कोणती?" मी ताडकन म्हणाले, "नागपूर." मुलाचा चेहरा उतरला. डॉक्टरनं कागदावर काहीतरी टिपलं. मला त्या दोघांचा असा राग आला म्हणून सांगू! तीस वर्षं मास्तरकी केली, पोरांकडून राजधान्या घोकून घेता घेता घसा बसवला, आणि हे माझी परीक्षा घेणार. नागपूर हे उत्तर एके काळी बरोबर होतं, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण तेवढं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तेव्हापासून मला चैन नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते कळत नाही. डोकं खरंच रिकामं होणार असेल तर त्याआधी हे तुला सांगून टाकावं, म्हणून वही घेऊन बसले आहे.

तुला आठवतं का, आपण मामाकडे राहत होतो ते समुद्रपूरजवळचं घर? बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते, मला ते आठवतच नाहीत. मला आठवते ती तू, दिवसभर मामाच्या शेतात आणि सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे. लग्नाआधी तू चौथी झाली होतीस. मामाच्या घरी आल्यावर घरी बसून सातवी केलीस, आणि मग मनानं घेतलंस की मास्तरीण व्हायचं. वर्ध्याला ट्रेनिंगसाठी बायकांची निवड होणार होती. आधी लेखी, मग तोंडी. निवड झाली तर एक वर्ष तिथंच बोर्डिंगात राहायचं, आणि मग नोकरी, आपली स्वतःची खोली, मामीच्या हाताखालून सुटका. तुझं वय त्या वर्षापुरतंच बसत होतं. पुढच्या वर्षी अर्जसुद्धा कोणी घेतला नसता, हे तू मला कितीदा सांगितलंस. मी नऊ वर्षांची होते, पण एवढं मला समजत होतं.

गणित तुला येत होतं, अक्षर तर माझ्यापेक्षा वळणदार. अडत होतं ते भूगोलात. तेव्हा राज्यं होती पंचवीसच्या वर, आणि त्यांतली निम्मी आपण कोणी पाहिली नव्हती की ऐकली नव्हती. जुनं पुस्तक मागून आणलंस, पण शेतातून आल्यावर पुस्तक धरायला हातात जीव कुठला असायचा. म्हणून तू राज्यं स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवलीस. एकेका डब्याला एकेक राज्य. चहाचा डबा आसाम, राजधानी शिलाँग. मिठाचा कच्छ, भूज. शेंगदाण्याचा सौराष्ट्र, राजकोट. तिखटाचा आंध्र, कर्नूल. गव्हाचं पिंप पेप्सू, म्हणजे पंजाबातल्या जुन्या संस्थानांचं राज्य, त्याची राजधानी पतियाळा. आणि रोज लागते म्हणून तुरीच्या डाळीचा डबा तेव्हाचा आपला मध्यप्रदेश, राजधानी नागपूर. राजधानी म्हटल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, असा तुझा नेम. मी चुलीपाशी शेकत बसायची आणि चुकलीस की टोकायची. तुला टोकायला मिळतं याची मला भारी ऐट होती. तुला अक्का म्हणणारी मामी मात्र करवादायची. "मीठ मांगतलं म्या, तं अक्का भूज देऊन राह्यल्या! भाजीत काय भूज टाकू?" तू हसायचीस. मामीपुढे तू हसलीस ते तेवढ्याच एका गोष्टीवर.

मग छप्पन सालची दिवाळी आली आणि मामा बाजारातून बातमी घेऊन आला. "आपून आता मुंबई राज्यात गेलो म्हणते. नागपूरची राजधानी गेली." मामाला वाईट वाटलं होतं, नागपुरात त्याची दोन-चार कामं अडकलेली असायची. तू डाळ निवडत होतीस. म्हणालीस, "घर तं हाय तेथंच हाय न? बरं झालं, मुंबईची मुंबई. त्यात लक्षात ठेवासारखं काय हाय!" तुला वाटलं, आपल्यापुरताच बदल झाला. एक डबा बदलला, बाकीची फळी तशीच.

सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर नवी यादी लिहिली. "जुनी खोडा," म्हणाले, "आता चौदाच राज्यं." मी जुन्या पानावर काट मारली आणि नवी यादी उतरवून घेतली. पेप्सू गेलं होतं. कच्छ, सौराष्ट्र, विंध्य प्रदेश, सगळी गेली होती. आंध्राचं कर्नूल जाऊन हैदराबाद आलं होतं. मी घराकडे पळतच सुटले, तुला सांगायला. देवाशपथ, सांगायलाच निघाले होते. विहिरीपाशी मामी शेजारणीला सांगत होती, "संक्रांतीनंतर अक्का जातीन वर्ध्याले. पोट्टी राहीन माह्यापाशी. थोडी कामाले तरी लागन." शेजारीण म्हणाली, "निवड होईन काय?" मामी म्हणाली, "होईन नं, सारी फळी तोंडपाठ हाय त्याहीची." मी तिथंच थांबले. एक वर्ष म्हणजे काय असतं ते त्या क्षणी मला कळलं. तुझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय मला झोप येत नव्हती, आणि ही बाई म्हणत होती, माह्यापाशी राहीन.

संध्याकाळी तू शेतातून येतेस. कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस उतरवतेस, हातपाय धुतेस, बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांना तेल लावतेस. मी पाटी घेऊन बसले आहे. तू सहज विचारतेस, "शाळेत नवं काई सांगतलं काय वं गुरुजीनं?"

"नाई," मी म्हणते.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण माय, त्यानंतरही रोज सकाळी मी चुलीपाशी बसतच होते. तू गव्हाच्या पिंपाला हात लावून पतियाळा म्हणायचीस, आणि मी म्हणायची, बरोबर. तिखटाला कर्नूल, बरोबर. शेंगदाण्याला राजकोट, बरोबर. दीड-दोन महिने. हे लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

तू मामाबरोबर हिंगणघाटहून रेल्वेनं वर्ध्याला गेलीस आणि दुसऱ्या दिवशी परत आलीस. लुगडं न बदलताच उंबऱ्यात बसलीस. मामानं विचारलं तेव्हा सांगितलंस. "लेखी चांगली गेली. तोंडीले भितीवर नकाशा होता. मोठ्या बाईनं हातात छडी देल्ली, राजधान्या दाखवा म्हणे. म्या मुंबई दाखवली. मंग म्हटलं, पेप्सू, पतियाळा. पाहतो तं नकाशात पेप्सूच नाई. मंग कच्छ नाई. मले वाटलं, मलेच दिसून नाई राह्यलं." मग म्हणालीस, "त्या हासल्या नाई. हासल्या असत्या तं बरं झालं असतं." मामा तोंडात शिवी आल्यागत पुटपुटला आणि बाहेर गेला. मी दाराआड उभी होते. मला रडू यायला हवं होतं ना? मला तेव्हा नुसतं इतकंच कळलं की तू आता जाणार नाहीस, आणि त्या रात्री तुझ्या पदराचं टोक मुठीत धरून मी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी तू शाळेत आलीस. शेताचा खाडा करून. वर्गाच्या दारात उभी राहून गुरुजींना म्हणालीस, "गुरुजी, तुमी पोराईले अजून जुनंच शिकवून राह्यले काय? माही पोरगी म्हणते, नवं काई सांगतलंच नाई." मी खालमानेनं बसायच्या तरटपट्टीचे धागे काढत होते. गुरुजी चिडले नाहीत, चकित झाले. त्यांनी माझ्या दप्तरातून वही काढली, पान उघडलं आणि तुझ्यापुढे धरलं. काट मारलेली जुनी यादी आणि तिच्याखाली माझ्या अक्षरात नवी, गुरुजींच्या सहीची. तू ते पान वाचलंस. वाचायला फार वेळ घेतलास, चौदा ओळींना लागतो त्याहून कितीतरी जास्त. मग वही मिटून त्यांना दिलीस आणि म्हणालीस, "मीच नाई पाह्यलं, गुरुजी. चूक माहीच हाय." आणि निघून गेलीस.

लगेच घरी जायला नको म्हणून मी शेतातल्या पांदणीच्या गाडीवाटेनं लांबून फिरून आले. वाटलं, आज पाठ फुटणार. तू भाकर वाढलीस. मला आवडतं म्हणून वर तेल-तिखट घातलंस. डब्याला हात लावताना राजधानीचं नाव घेतलं नाहीस. त्या दिवसापासून फळीवर नुसते डबे राहिले. मला तू रागावली नाहीस, कधीच नाही. माय, एक थोबाडीत दिली असतीस तर मी त्याच दिवशी रडून मोकळी झाले असते. तू मला तेवढंही दिलं नाहीस, याचा मला अजून राग येतो. बघ, गुन्हा माझा आणि राग तुझ्यावर.

पुढे तू मामाच्या शेतात राबून मला शिकवलंस. तुझं हुकलेलं ट्रेनिंग मी केलं, आणि पहिली नोकरी लागल्यावर तुला माझ्याकडे आणलं. एका दुपारी तू डबा घेऊन शाळेत आलीस. वर्गात पोरं राजधान्या म्हणत होती. तोवर महाराष्ट्र झाला होता, गुजरात झाला होता. तू दारात ऐकत राहिलीस. डबा माझ्या हातात देताना हळूच म्हणालीस, "यादी नवीच हाय न? एकडाव कोणाले विचारून घेजो." बस, एवढंच. ती काळजी होती की टोमणा, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि तू गेलीस.

आज बसले होते ती तुझी माफी मागायला. चार वेळा वाक्य लिहिलं आणि चार वेळा खोडलं. हा कागद मुलाच्या हाती लागला तर तो पुन्हा डॉक्टरकडे नेईल, म्हणून फाडूनच टाकणार आहे, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. मला तुझ्या नोकरीचं वाईट वाटतं, नकाशापुढे तू उभी राहिलीस त्याचं वाटतं, गुरुजींपुढे तू माझ्यासाठी खोटं बोललीस त्याचं तर फारच वाटतं. पण त्या वर्षी तू मला सोडून गेली नाहीस, त्याचं मला वाईट वाटत नाही. खूप प्रयत्न करून पाहिला, वाटतच नाही. आत्ता तू शेतातून येऊन विचारलंस, गुरुजीनं नवं काई सांगतलं काय, तर मी पुन्हा "नाई"च म्हणेन.