पडद्यावरच्या आईचा आवाज

३ जुलै
जयदेवनने सिनेमा लिहिलाय. अपंग मुलीला एकट्याने वाढवणाऱ्या बापाचा! आमची लेक तुंबी तीन वर्षांची असताना आम्हाला टाकून गेलेला हा माझा नवरा – आणि सिनेमात पळून जाते ती आई.

नटी मुंबईची, मल्याळमचा गंध नाही. तिला आवाज द्यायला दिग्दर्शकाने मला कोचीला बोलावलं. सनूप नाव, कोवळा पोरगा, मला चेची म्हणजे ताई म्हणतो. मी जयदेवनची कोण, हे त्याला ठाऊक नाही. "चेची, या आईचा जीव तुमच्या हातात आहे."

हो म्हटलं. हातात आलेल्या जिवाचं काय करायचं, ते मी बघेन.

५ जुलै
बेत ठरला. बाकीचे प्रसंग मन लावून बोलायचे. आई बाळाला झिडकारते तो प्रसंग सगळ्यात शेवटी – किंचाळून घसा बसतो म्हणून. त्या दिवशी जायचंच नाही. आवाज मध्येच बदलता येत नाही, दुसऱ्या बाईकडून सगळं पहिल्यापासून करून घ्यावं लागेल. ओणमला सिनेमा लागणार म्हणे. बघू कसा लागतो.

११ जुलै
तुंबीला पेज भरवायला पाऊण तास. बारा वर्षांची झाली, मान अजून माझ्या दंडावर. सिनेमातला बाप चार घासांत उरकतो, वर बासरी वाजते.

अम्मा म्हणते, "सोड गं शाली, त्याचं पाप त्याच्यापाशी." का सोडू?

१६ जुलै
जयदेवन स्टुडिओत आला होता. टक्कल पडलंय. बरं वाटलं.

"तू हे काम घेशील असं वाटलं नव्हतं." मग म्हणे, "तुंबी कशी आहे?" नऊ वर्षांनी!

"तुझ्या सिनेमात बघ की," म्हटलं. तोंड एवढंसं झालं त्याचं.

१९ जुलै
उद्या शेवटचा प्रसंग. संवादाचा कागद पिशवीत तसाच पडलाय. जायचंच नाही, तर वाचू कशाला?

२० जुलै
सकाळी वाचला. "हिला माझ्याजवळ आणू नकोस. मेली तर सुटेन मी."

गेले. ते दुसऱ्या बाईच्या तोंडून मला ऐकवलं नसतं. एका दमात बोलले. सनूप डोळे पुसत म्हणाला, "चेची, कुठून आणलंत हे?"

हे वाक्य जयदेवनने रचलेलं नाही, ऐकलेलं आहे. तुंबी चार दिवसांची होती. तिला छातीशी धरून तो माझ्या खाटेपाशी उभा होता. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.