धाकट्यानं आधी पाया पडायचं

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी.
आज उपवास. दशलक्षण पर्व संपलं. दहा दिवस एकवेळ जेवलो. जैन बस्तीच्या देवळात प्रवचनाला रोज पहिल्या रांगेत. पहिल्या दिवशीचा विषय उत्तम क्षमा होता, तो अजून डोक्यात आहे.

निश्चय: आजपासून वर्षभर रागवायचं नाही. कुणावर हात उचलायचा नाही. मुळात माझा स्वभाव तापट नाहीच, पण लिहून ठेवलेलं बरं.

दुपारी टीव्हीचा रिमोट फुटला. भिंतीवर लागला. चंदनबाला म्हणाली, "आपोआप उडाला व्हय तुमच्या हातनं?" उत्तर दिलं नाही. बायकोला उत्तर न देणं हाही संयमच.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावाणी.
सकाळी बस्तीत सगळ्यांपुढं हात जोडले. शेजारच्या बागवाल्यावर मागच्या वर्षी खोरं उगारलं होतं, त्याचीही क्षमा मागितली. (खोरं आधी त्यानं उचललं होतं. पण क्षमा म्हणजे क्षमा.) मग फोनवरून ओळखीच्या सगळ्यांना एकदम मेसेज. बेदाण्याचे व्यापारी, छाटणीचा मुकादम, गॅसवाला, दाताचा डॉक्टर, सगळे.

फक्त नानासोला नाही.

कारण लिहून ठेवतो. नानासो माझा पहिलीपासूनचा मित्र. मूळ म्हसवडचा, धनगराचा. त्याचा बाप मेंढरं घेऊन आमच्या तासगावच्या अंगाला यायचा, तेव्हा पोराला इथंच शाळेत घातलं. एप्रिलमध्ये आमचा तिसरा मित्र, कराडचा बाळासो, याच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. पंगतीआधी टॉवेल-टोपीचा मान. जो वयानं थोरला त्याला आधी टोपी, ही रीत. बाळासोनं नानासोला आधी टोपी घातली.

मी शांतपणे लक्षात आणून दिलं की थोरला मी. नानासो म्हणाला, थोरला तो. कागदावर दोघांची तारीख एक जून, साल एकच. गुरुजींनी अख्ख्या वर्गाचीच एक जून लावली होती, त्यामुळं कागदाचा उपयोग नाही. मी सहज विचारलं, तुझ्या बापाला तरी ठाऊक हाय का तू कवा झालास. मंडळी हसली. यात चिडण्यासारखं काय होतं? मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून मी त्याच्या डोक्यावरची टोपी काढायला गेलो, तर टोपीबरोबर कान हातात आला. त्यानं मला उचलून बुंदीच्या पातेल्यात बसवलं. बुंदी गरम होती.

तेव्हापासून बोलणं बंद.

माझी तयारी आहे. पण धाकट्यानं आधी पाया पडायचं असतं. तो वाकला की मी अर्ध्यातूनच त्याला उचलीन आणि मिठी मारीन. तो वाकत नाही, त्याला मी काय करणार?

त्याच्याशिवाय करमत नाही. हे चंदनबालाला कळता कामा नये.

१० सप्टेंबर, बुधवार.
बाळासोचा फोन. कराडजवळ हायवेला 'जलतांडव' नावाचं पार्क झालंय. पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, टक्कर-गाड्या, सगळं. रविवारी तिघंच जायचं. म्हणाला, "माझ्या टोपीपायी तोडलंसा तुमी. बायको अजून बोलती मला. ह्या वक्ताला मिटवायचंच." नानासोला आणायची जबाबदारी त्याची.

मी म्हणालो, माझं मन मोकळंच आहे.

योजना: गेटवर भेट. तो वाकेल. मी उचलीन. मिठी. बाळासो फोनवर व्हिडिओ काढेल. मग दिवसभर मजा.

आरशापुढं उचलून मिठी मारायचा सराव केला. चंदनबालानं दारातून विचारलं, कुणाचा गळा दाबायचा ठरवलाय.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी. पार्कचं कँटीन.
वही प्लास्टिकच्या पिशवीत आणली आहे. ऐतिहासिक दिवस आहे, जागच्या जागी नोंद हवी.

गेटवर नानासो दिसला. वाळलाय. बरं वाटलं नाही बघून. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, पाय जरा पुढं करून. तोही पाय पुढं करून उभा. दोघंही वाट बघत उभे. लोकांना वाटलं तिकिटाची रांग इथनं सुरू होते, आमच्या मागं कोरेगावचं एक कुटुंब येऊन थांबलं. शेवटी बाळासोनं दोघांना ढकलत आत नेलं.

आत नायलॉनचा पोशाख सक्तीचा. माझ्या मापाचा एकच उरला होता, छातीवर शार्क मासा. नानासोला साधा निळा मिळाला. शार्ककडं बघून तो हसला. मी दुर्लक्ष केलं. वही नीट मिटली, पेन मात्र मोडलं. कँटीनवाल्याचं घेतलंय.

दुपारी.
टक्कर-गाड्या. पाटीवर लिहिलेलं, 'समोरून धडक देऊ नये'. मी शांतपणे चालवत होतो. माझ्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडं ओढत होतं आणि नानासो नेमका डावीकडं होता. असं बऱ्याच वेळा झालं. एकदा तो उजवीकडं गेला, तेव्हा ते उजवीकडं ओढायला लागलं.

मग त्यानं मागून अशी धडक दिली की माझी हनुवटी स्टिअरिंगवर आपटली आणि जीभ दातांत सापडली. तोंडात रक्त. मी रागावलो नाही. फक्त त्याला कोपऱ्यात घेतलं आणि तिथंच ठेवलं, धडका देत, त्याच्या गाडीचं रबर सुटेपर्यंत. बाळासो मधे आला तेव्हा त्याचा गुडघा दोन्ही गाड्यांच्या मधे होता. तो का ओरडतोय हे आम्हाला उशिरा कळलं. कोरेगावच्या कुटुंबानं पोरं उचलून नेली. चालवणाऱ्यानं वीज बंद केली. त्यावर आम्ही पाय जमिनीला लावून गाड्या ढकलत ढकलत धडका दिल्या. एकूण खेळीमेळीचं वातावरण.

बाळासो लंगडतोय. म्हणाला, आता शेवटची घसरगुंडी, मग घरी. मी म्हणालो, हरकत नाही. तिथं मिठी होईल.

तिसरा प्रहर. ओला बसलो आहे.
घसरगुंडीचं नाव 'काळदरी'. वर जायला जिना. खाली जायला बंद बोगदा, आत अंधार. एका ट्यूबवर दोघं बसतात. बाळासो खाली व्हिडिओ काढायला थांबला. वर आम्ही दोघं आणि एक शिट्टीवाला. तो म्हणाला, मोठा माणूस मागं, लहान पुढं.

वजनाचं बोलत होता बहुतेक.

नानासो मागं बसला. म्हणून मीही मागं बसलो. दोघं एकाच भोकात, पुढचं मोकळं. ट्यूब उलटी व्हायला लागली. तोल जाऊ नये म्हणून मी त्याची मान धरली. त्यानं तोल सावरायला माझ्या डोळ्यात अंगठा घातला. शिट्टीवाला शिट्टी वाजवत राहिला. ट्यूब एकटीच खाली गेली. मागोमाग आम्ही, ट्यूबशिवाय.

बोगद्यात पहिल्या वळणाला तो वर, मी खाली. दुसऱ्या वळणाला मी वर. त्याला बुक्की मारायचा माझा हेतू नव्हता. हात मोकळा होता आणि तो समोर होता. त्यानं माझ्या खांद्याचा चावा घेतला, हे मात्र मुद्दाम. मी त्याचे केस धरले. अंधारात फक्त एकमेकांच्या शिव्या ऐकू येत होत्या. किती महिन्यांनी त्याचा आवाज एवढ्या जवळून ऐकला. मन भरून आलं, पण केस सोडले नाहीत.

खालच्या पाण्यात आलो ते थेट बाळासोवर. तो समेटाचा व्हिडिओ काढत उभा होता. त्याचा खांदा निखळला, फोन बुडाला. आमचं पाण्यातही थोडं चाललं. नानासोनं माझं डोकं बुडवलं, मी त्याचे पाय ओढले. पोटात बरंच पाणी गेलं. न गाळलेलं, जैनाला वर्ज्य. हे पाप नानासोला लागणार.

चौघांनी मिळून आम्हाला काठावर ओढलं.

संध्याकाळ. सिक्युरिटीची खोली.
इथला साहेब मिशीवाला, कोरड्या कपड्यात. म्हणाला, "तुमच्यातला थोरला कोण? त्यानं माफीनामा लिहायचा. पुढं काय झालं तर पोलिसात त्याचंच नाव जाईल."



मग मी नानासोकडं बोट केलं. त्यानं माझ्याकडं केलं. म्हणाला, "सायेब, ह्यो थोरला. गावात कुनालाबी इचारा." मी म्हणालो, साहेब, मी लहान आहे, माझ्याकडं बघितलं तरी कळेल. (छातीवर शार्क होता.) त्यानं सिद्धनाथाची शपथ घेतली की धाकटा तोच. मी त्याचा गळा धरून सांगितलं की धाकटा मी.

तेवढ्यात बाळासो उठला. हात टॉवेलनं गळ्यात बांधलेला. लय मोठ्यानं ओरडला, "आत्ता दोघंबी धाकटं झालासा न्हवं? मग पडा की पाया! दोघंबी पडा!"

 साहेबानंसुद्धा मान डोलावली. बाळासोचं म्हणणं बिनतोड होतं. मी नानासोकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. त्याचे डोळे भरले होते. माझे क्लोरीननं लाल होते.

आणि आम्ही दोघं एकदमच वाकलो.

माझं कपाळ, त्याचं नाक. काडकन आवाज झाला. रक्ताची धार माझ्या शार्कवर. त्याला वाटलं, मी मुद्दाम केलं. पाया पडायच्या निमित्तानं टक्कर दिली म्हणाला. साहेबाची खुर्ची उचलली. प्लास्टिकची होती, पण जबड्यावर बसली.

माफीनामा बाळासोनं लिहिला. डाव्या हातानं.

१५ सप्टेंबर, सोमवार. घरी.
जबडा सुजलाय. दोन दात हलतायत. कपाळावर टाके. नानासोचं नाक मोडलं, असं कळलं. बाळासोचा खांदा डॉक्टरांनी बसवला.

बाळासोनं शेजाऱ्याच्या फोनवरून फोन केला. म्हणाला, "मिटवून या, न्हायतर मी मेलो तरी खांदा द्यायला येऊ नगा." आणि ठेवला. खांद्याचं बोलायला नको होतं, त्यालाच जास्त लागलं असेल.

आढावा: निश्चय मोडलेला नाही. जे झालं ते अपघात. राग एकदाही आला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.
पातळ पेज पितोय. फोन जवळ ठेवून. नानासोचा आला तर उचलायचा नाही, असं ठरवलंय. आला नाही. फोन बंद तर पडला नाही ना, म्हणून चंदनबालाला माझ्या नंबरवर फोन करायला लावला. लागला. तो मी उचलला.

२१ सप्टेंबर, रविवार. म्हसवड.
सकाळी निर्णय. मोठ्या मनानं स्वतः म्हसवडला जायचं. त्याच्या दारात उभं राहायचं आणि त्याला पाया पडायची संधी द्यायची. चंदनबालाला सांगितलं नाही. गाडी काढली आणि निघालो.

दारात नानासोची बायको, अंजनावहिनी. माझ्या तोंडाकडं बघून त्या आधी घाबरल्या, मग म्हणाल्या, "ते तर पहाटंच गेलं. तुमच्याकडंच. मोटरसायकलीवर."

म्हणजे आधी तो निघाला! इथंही! मी दारातल्या दगडी डोणीला लाथ घातली. जनावरं पाणी पितात ती. अंगठा सुजलाय, बहुतेक मोडलाय.

नानासोची आई अंगणात शेळीला पाला घालत होती. मला ओळखलं. बस म्हणाली. पायाला हळद लावून दिली. कशाची भांडणं करताय रं, असं विचारलं. मी सांगितलं, वयाची. थोरला कोण, एवढंच. तुम्हीच सांगा आता, आई.

ती हसली. म्हणाली, "नाना तुझ्यापरास तीन वर्सांनी थोरला हाय. मेंढरामागं हुता, साळंत लय उशिरा घातला. गुरुजीनं वय इचारलं. ह्याचा बा म्हनला, बारक्या पोरांत बसंल तेवढं लिवा."

मी म्हणालो, मग त्यानं कधी सांगितलं का नाही?

"लाजत हुता. एवढा बाप्या पहिलीत बसलाय म्हनून हसत्याली म्हनं पोरं. तुला तर सांगूच नगंस म्हनला हुता."

अंगणात बसून राहिलो. आठवीत त्याला मिशी फुटली, तेव्हा मी वर्गभर सांगितलं होतं की मेंढीच्या दुधानं फुटली. दुसरीत मला मारणाऱ्या मोठ्या पोरांना तो एकटा आडवं करायचा. मला वाटायचं, मी मित्र हुशारीनं निवडला. टोपीचा मान त्याचाच होता. बाळासोलाही ठाऊक नव्हतं, नानासो जवळ उभा होता म्हणून त्यानं आपली आधी घातली असणार. आणि नानासो भर पंगतीत मार खाऊन, मला बुंदीत बसवून निघून गेला, पण खरं कारण काही बोलला नाही.

फोन लावला. त्यानंच उचलला. नाक बांधलेलं असावं, आवाज बसका. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "चुकलं रं गड्या. जबडा दुखतुय का अजून?"

मी ओरडलो. धाकट्यानं आधी म्हणायचं असतं, तू कसा काय म्हणतोस? हलणारा दात ओठात रुतला.

 त्यानं हळूच विचारलं, "आई बोलली व्हय?"

व्हय, म्हणालो.

"मग म्हन की."

 अंजनावहिनी चुलीपाशी थांबल्या होत्या. आईनं पाला घालायचं थांबवलं. म्हणालो, "चुकलं, दादा."

"ऐकू न्हाई आलं. रेंज न्हाई."

"चुकलं, दादा."

"मोठ्यानं बोल की जरा."

मी उभा राहिलो आणि बोंबललो. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली, शेळी दावं ताणून मागं सरली. पलीकडं आधी चंदनबाला हसली. मग आमच्या छाटणीच्या बायका हसल्या, सगळ्या. फोन पहिल्यापासून स्पीकरवर होता.